एरंडेल आणि क्लाउड

पहिल्या महायुद्धातला वैमानिक म्हटलं की गळ्यात पांढरा रेशमी स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यावर करारी भाव असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं आहे. त्या चित्रात एरंडेल नसतं. खरं तर ते आधी हवं. नोम आणि ल रोन या तेव्हाच्या रोटरी इंजिनांचा क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला असे आणि अख्खं इंजिनच, सिलिंडरांसकट, पंख्याबरोबर गरगर फिरे. त्याला वंगण म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. वापरलेलं तेल टाकीत परत येत नसे. ते धुराबरोबर बाहेर उडे आणि मागे उघड्यावर बसलेल्या वीराच्या नाकातोंडात जाई. गळ्यातला तो रोमँटिक स्कार्फ मान घासू नये म्हणून होता आणि गॉगलवरचं तेल पुसायलाही होता. पुढचं पोटात काय होत असेल ते आजीने नाक दाबून एरंडेल पाजलेल्या पिढीला समजावून सांगायला नको. शत्रू शेपटीवर आलेला, खाली खंदक, आणि त्यात ही आतली निकड. शौर्यपदकं उगाच देत नसत.

ही सगळी माहिती मला क्लाउडचा अभ्यास करताना मिळाली. म्हणजे अभ्यास टाळताना. आमच्या कंपनीने फर्मान काढलं की सपोर्टच्या सगळ्यांनी, वयाची सबब न सांगता, क्लाउडचं सर्टिफिकेट मिळवावं. माझं आयुष्य थंडगार सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून गेलेलं. आता तो सर्व्हर आपल्या खोलीत नसतो, दुसऱ्याच्या इमारतीत असतो, आपण तो भाड्याने घेतो आणि वापराल तेवढे पैसे भरतो. अमेझॉनने हा धंदा २००६ मध्ये सुरू केला आणि २०१६ मध्ये मुंबईत आणला. एवढं समजलं. त्यापुढचे व्हिडिओ म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ. मग एका खिडकीत व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत मी १९१६ च्या फ्रान्सवर घिरट्या घालू लागलो.

शिकवायला घरात मुलगी आहे. ती याच क्षेत्रात आहे आणि बापावर तिची फार माया आहे, त्यामुळे ती फार रागावते.

"बाबा, पहिला नियम. सर्व्हर मरणारच असं धरून चालायचं. एक मेला की दुसरा आपोआप उभा. त्यात जीव गुंतवायचा नाही. नाव ठेवायचं नाही, नंबर द्यायचा. पाळीव कुत्रा समजू नका, गोठ्यातली गुरं समजा."

ही उपमा तिची नव्हे, त्या धंद्यातच रूढ आहे. ज्याने काढली त्याने गोठा पाहिलेला नसावा. आमच्या गावच्या गोठ्यात कपिला होती, चांदी होती आणि एक मारकुटी ठमी होती. नंबर फक्त सातबाऱ्याला असे. मी माझ्या सर्व्हरांनाही नावं ठेवली होती. जर्मन वैमानिक रिश्टहोफेनने आपलं विमान लालभडक रंगवलं ते काय शत्रूला सापडू नये म्हणून? आपलं यंत्र आपलं दिसावं, ही माणसाची जुनी खोड आहे.

"त्या रिश्टहोफेनचं पुढे काय झालं?" मुलीने विचारलं.

ऐंशी विमानं पाडून तो २१ एप्रिल १९१८ ला पडला. मी विषय बदलला.

बदलून मी त्याच्या गुरूवर आलो, ऑस्वाल्ड बोल्केवर. आकाशात कसं लढावं याचे आठ नियम याने १९१६ मध्ये घालून दिले. सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, अंगावर येणाऱ्यापासून पळू नका, त्याला सामोरे जा. इतकी चोख कागदपत्रं आमच्या कुठल्याही प्रोजेक्टला लाभली नाहीत. त्यात एक इशारा असा की एकाच शत्रूच्या मागे दोघांनी लागू नये. २८ ऑक्टोबर १९१६ ला स्वतः बोल्के आणि त्याचा मित्र ब्योमे एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे लागले. मध्येच आडवं विमान आलं, त्याला चुकवताना ब्योमेच्या चाकांचा बोल्केच्या पंखाला धक्का बसला आणि बोल्के गेला. त्या आडव्या आलेल्या विमानाचा पाठलाग करत होता रिश्टहोफेन. म्हणजे चेला.

"रेस कंडिशन," मुलगी थंडपणे म्हणाली. "दोन प्रोसेस, एक रेकॉर्ड, लॉक लावलेलं नाही."

त्या क्षणी मला क्लाउडमधलं काहीतरी पहिल्यांदा नीट कळलं, आणि ते मला बोल्केने शिकवलं.

त्याहून मोठा धडा जर्मन वैमानिक इमेलमानचा. पंख्याच्या पात्यांमधून मशीनगन झाडता यावी म्हणून अँथनी फोकरने इंजिनाला जोडलेली यंत्रणा बसवली होती. पातं समोर असताना गोळी सुटायची नाही. १८ जून १९१६ ला इमेलमानचं फोकर विमान हवेतच मोडलं. का? ब्रिटिश म्हणाले, आमच्या मॅककबिन आणि वॉलर या जोडीने पाडलं. काही जर्मन म्हणाले, यंत्रणा चुकली आणि त्याने आपलाच पंखा गोळ्यांनी तोडला. आणि फोकर म्हणाला, छे, आपल्याच जर्मन तोफांचा गोळा लागला असणार. आमच्याकडे सिस्टीम बंद पडल्यावर जी मीटिंग होते ती शब्दशः हीच. सॉफ्टवेअरवाला नेटवर्ककडे बोट दाखवतो, नेटवर्कवाला ग्राहकाकडे, आणि ज्याने माल विकला तो सगळ्यात शांत आवाजात सांगतो की आमच्या बाजूने सगळं हिरवं दिसतंय.

इथवर हसत होतो. पॅराशूटपाशी हसू थांबलं. बलूनमध्ये बसून टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना पॅराशूट मिळे, विमानातल्यांना युद्ध संपेपर्यंत नाही. एक कारण असं सांगितलं जाई की पॅराशूट असलं तर पोरं विमान सोडून उड्या मारतील. यंत्राला जपायचं, माणूस दुसरा मिळतो! मुलीच्या धंद्यात सर्व्हरला तीन तीन इमारतींत जोडीदार आणि वेगळी वीज, आणि त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना साधी छत्री नाही. गुरं कोण होतं ते मला तेव्हा कळलं.

त्या वैमानिकांतलाच एक आपला मुंबईचा. श्रीकृष्ण वेलिणकर, केंब्रिजला शिकलेला. तो सॉपविथ डॉल्फिन उडवी. त्या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या फटीतून बाहेर निघे, म्हणजे विमान उलटलं तर आधी काय टेकणार ते उघड आहे. २७ जून १९१८ च्या गस्तीवरून तो परतला नाही. तीन दिवसांनी जर्मनांच्या ताब्यात वारला. फ्रान्समध्ये हाँगारच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

तसेच भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक मात्र वाचले. ब्रिटिशांनी आधी घेतलं नाही म्हणून ते फ्रेंचांसाठी रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच विमानदल घ्यायला तयार झालं, तशी त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी जनरल हेंडरसनना चिठ्ठी लिहिली आणि १९१७ मध्ये ब्रिटिशांचं दारही उघडलं. दुसऱ्या व्हेंडरचं कोटेशन आलं की पहिला हलतो, हे तेव्हाही खरं होतं. पगडीवर बसेल असं खास हेल्मेट करून घेऊन ते सॉपविथ कॅमल विमान उडवत. त्या ऑक्टोबरात पायात गोळी लागली, विमानाला चारशेवर भोकं पडली, तरी ते आपल्या हद्दीत उतरले. पुढे राजदूत झाले, गोल्फ खेळले, भरपूर जगले.

"चारशे भोकं, तरी सर्व्हिस चालू," मी मुलीला ऐकवलं. "हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात ती हीच ना?"

"नाही. एकच विमान, एकच पायलट, बॅकअप शून्य. याला नशीब म्हणतात."

"मग नशीब लिहू."

"परीक्षेत तो पर्याय नसतो, बाबा."

मी सराव परीक्षेचे अ, ब, क, ड सगळे पाहिले. खरंच नव्हता. मी क ला टिक केलं.