वर्ष दप्तरी दाखल

अमेरिकेतल्या मराठी काकांचे बरेच प्रकार आता आपल्या ओळखीचे झालेत. पुण्यात आल्यावर बाटलीबंद पाण्याने दात घासणारे, एडिसनच्या ओक ट्री रोडवर भेंडीचा भाव अजून रुपयांत काढून पाहणारे, अधिवेशनात माईक हाती लागला की जेवणाची घंटा होईस्तोवर न सोडणारे. यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. अहवालवाले काका मात्र उपेक्षित राहिले आहेत. दर डिसेंबरात हे गृहस्थ आपल्या कुटुंबाचं सरतं वर्ष टंकलिखित करतात आणि नाताळच्या कार्डात घडी घालून जगभरच्या आप्तेष्टांना धाडतात. बढत्या, पदव्या, बोटीवरचे प्रवास, नातवंडांचे दात, सगळं एका कागदावर. पाठपोट.

ही रीत मुळात तिथल्या अमेरिकनांची. थँक्सगिव्हिंगची टर्की संपली की तिथे घरोघरी कोणीतरी वर्षभराचं कुटुंबपुराण लिहायला बसतं. आमचे काका खिशात आठ डॉलर घेऊन विमानातून उतरलेल्या पिढीतले. (तेव्हा भारत सरकार तेवढंच परकीय चलन नेऊ देई. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला तुम्हाला हे त्यांच्याकडूनच कळतं.) पहिल्या नोकरीतल्या साहेबाने त्यांना कार्डासोबत असं एक पत्र दिलं. त्यात साहेबाच्या कुत्र्याच्या ऑपरेशनवर अख्खा परिच्छेद होता. काका सदाशिव पेठेतले. तिथे माणसाच्या ऑपरेशनलाही पोस्टकार्डाच्या दोन ओळी पुरत, त्यातली एक तब्येतीस जपण्याची. कोणी विचारलेलं नसताना स्वतःबद्दल इतकं सांगता येतं, आणि लोक त्याला चक्क शिष्टाचार म्हणतात, हे कळल्यावर काकांनी त्याच वर्षी पहिला अहवाल काढला. तो सायक्लोस्टाइल केलेला होता आणि त्यात ‘आम्ही जुनी पण उत्तम स्थितीतली मोटार घेतली’ ही मुख्य बातमी होती.

“मग दिवाळीला का नाही पाठवत?” असं मी एकदा विचारलं होतं. पाडव्याला आपल्याकडे वहीपूजन होतं, जुना हिशोब मिटतो, वगैरे बाजूही मांडली.

“दिवाळी तिथीवर,” काका म्हणाले. “कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. इथलं टॅक्सचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं. सगळे हिशोब एकाच दिवशी बंद झालेले बरे.”

त्यामुळे त्यांच्या घरी डिसेंबरात देवघरात गणपती, दिवाणखान्यात प्लास्टिकचं नाताळचं झाड आणि दोहोंच्या मध्ये, प्रसादाच्या जागी, प्रिंटर असतो.

काकांना उगाच हसण्यात अर्थ नाही, परंपरा थोर आहे. लंडनच्या हेन्री कोल यांना १८४३ साली नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ होईना, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापलं. व्यापारी रीतीने छापलेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच. त्यावर काय असावं? एका कुटुंबाच्या तीन पिढ्या, नातवंडांसकट, टेबलाभोवती बसून हातातले प्याले उंचावताहेत. त्यातल्या एका पोरीच्या तोंडाला वाइनचा प्याला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले होते. म्हणजे आपलं कुटुंब लोकांपुढे मांडायचं, त्यात नातवंडं पुढे बसवायची आणि ते पाहून कोणीतरी नाक मुरडायचं, हा सगळा क्रम पहिल्याच कार्डापासून ठरलेला आहे. वेळ नाही ही सबबसुद्धा तिथलीच. पुढे अमेरिकेत नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापिका अ‍ॅन बर्नेट यांनी असली कुटुंबपत्रं गोळा करून अभ्यासली. १९६० च्या दशकापासूनची पत्रं होती त्यांच्याकडे. वर्षं सरत गेली तशी माणसं आपली धावपळ एखाद्या पदकासारखी मिरवू लागली, असं त्यांना दिसलं. काकांना नोकरीतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्या पत्राची सुरुवात अजून ‘अत्यंत धावपळीच्या या वर्षात’ अशीच होते.

मी एकदा नोव्हेंबरात त्यांच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा अहवालाची सिद्धता पाहायला मिळाली. ऑक्टोबरपासून मुलांना फोन सुरू होतात. मुलगी बॉस्टनला, मुलगा कॅलिफोर्नियात.

“तुझं ते प्रमोशन झालं का गं? मजकूर अडलाय.”

“बाबा, अजून जाहीर नाही झालेलं. प्लीज लिहू नका.”

“बरं, ‘होऊ घातले आहे’ असं लिहितो.”

“बाबा!”

मुलाकडून तर एका ओळीचा मजकूर मिळायची मारामार. तो ‘सगळं ओके’ एवढंच कळवतो. त्यावरून परिच्छेद बेतायचा म्हणजे खायचं काम नाही. पण काका बेततात. काकांच्या भाषेचं वैशिष्ट्य असं की तीत अपयशाला क्रियापदच नाही. मुलाची नोकरी गेली तेव्हा तो ‘नव्या संधींचा अभ्यास करत’ होता. पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हा तो ‘घराच्या अंतर्गत रचनेत बदल करत’ होता. बायकोने निम्मं फर्निचर नेलं होतं, त्यामुळे विधान खोटं नव्हतं. पत्र प्रथमपुरुषात नसतं हेही सांगायला हवं. त्यात काका स्वतःचा उल्लेख ‘श्रीयुत’ असा करतात. ‘श्रीयुतांनी यंदा गराज आवरले.’ वाचणाऱ्याला वाटावं की हे कोणी तिसऱ्याच माणसाने, पुरावे तपासून लिहिलंय.

मुरलेला वाचक हे पत्र गाळलेल्या जागांवरून वाचतो. गेल्या वर्षी ज्या नातवाच्या गणिताला चार ओळी होत्या, तो यंदा ‘खेळातही रस घेतो’ एवढ्यावर आला, तर समजायचं. ज्या जावयाला ‘आमचे’ हे विशेषण होतं ते यंदा गळलं, तर समजायचंच. आमच्या पुण्याच्या घरात हे पत्र मोठ्याने वाचलं जातं आणि कोण राहिलं याची मोजणी होते. आत्या या कामात वाकबगार. तिने अशाच एका अनुल्लेखावरून दोन महिने आधी घटस्फोट ओळखला होता.

पण खरी गंमत समासात असते. काकूंना या लेखनात अधिकृत स्थान नाही. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी ‘सौ. ही मजेत आहे’ हे वाक्य असतं, आणि ते सायक्लोस्टाइलच्या काळापासून बदललेलं नाही. काकूंनी पन्नाशीनंतर मास्टर्स केलं त्या वर्षीही सौ. मजेत होती, आणि दोन्ही गुडघे बदलले त्या वर्षीही. (गुडघे काकांना छापायचे होते, कोणत्या कंपनीचे बसवले यासह. काकूंनी ‘अहो, माझे गुडघे आहेत ते’ म्हणून हाणून पाडलं.) मात्र पाकिटं बंद करायचं काम काकूंकडे असतं. जवळच्या माणसाचं पाकीट आलं की त्या बॉलपेनने, बारीक अक्षरात, समासात चार ओळी लिहितात आणि काकांचं लक्ष जायच्या आत डिंक लावतात.

छापील मजकुरात असतं: ‘धाकटे चिरंजीव काही काळ आमच्यासमवेत राहिले, त्यामुळे घर भरून गेले.’ समासात: ‘तीन महिने झाले, खोलीतून बाहेर येत नाही. तुझ्या ओळखीचं तिकडे कोणी बोलणारं असेल तर कळव. ह्यांना सांगू नकोस.’

आमच्याकडे काकांचं पत्र वाचलं जातं ते समासापासून. अहवाल नंतर, जेवणं झाल्यावर.

प्रवासाचा परिच्छेद हा काकांचा मानबिंदू. अलास्काची क्रूझ झाली त्या वर्षी मुलांना मिळून तीन ओळी होत्या आणि ग्लेशियर बेला नऊ. केचिकन, जुनो, स्कॅगवे ही बंदरं बोट लागल्याच्या वेळांसकट आली होती. काका निसर्गाचं वर्णन करत नाहीत, पाहणी करतात. हिमनदी ‘समाधानकारक’ होती. बुफे ‘विपुल’ होता. मग ते आगगाडीने आत डेनालीला गेले. ‘उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च अशा २०,३१० फूट उंचीच्या डेनाली शिखराचे सान्निध्य लाभले.’ शेजारी समासात बाण काढून काकूंनी लिहिलं होतं, ‘ढग होते. काही दिसलं नाही. सगळ्यांना असंच होतं म्हणे. पण गाडीत चहा बरा मिळाला.’ डेनालीला गेलेल्या बहुसंख्य लोकांना ते शिखर खरोखरच दिसत नाही. पर्वत स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो इतका मोठा आहे. पण ‘दिसले नाही’ हे काकांच्या भाषेत कसं बसावं? सान्निध्य मात्र लाभलंच होतं, त्याला ढग काय करणार.

आणि नातवंडं. ती आल्यापासून पत्राचा टाइप दोन पॉइंटांनी लहान झाला. अमेरिकेत नातवंडाला पदवी मिळवायला फार थांबावं लागत नाही. बालवाडी संपली की टोपी आणि गाऊन घालून समारंभ, मग किंडरगार्टनचा, मग पाचवीचा, मग आठवीचा. काकांनी प्रत्येक पदवीदानाचा फोटो छापला आहे. थोरला नातू हायस्कुलात जाईपर्यंत त्याच्याजवळ आजोबांपेक्षा जास्त गाऊन झाले होते. सॉकरच्या स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक पोराला तिथे करंडक देतात, हरलेल्यालासुद्धा. पत्रात तो ‘करंडकाचा मानकरी’ होतो. रविवारच्या मराठी शाळेत नातीने ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य बिनचूक म्हटलं ते वर्ष ‘मातृभाषेची जोपासना’ या मथळ्याखाली गेलं. सर्वांत धाकटा दीड वर्षाचा असताना ‘त्याला वाचनाची विलक्षण गोडी आहे’ अशी नोंद होती. सोबतच्या फोटोत तो पुस्तकाचा कोपरा चावत होता. काकांनी फोटो आणि मजकूर शेजारी शेजारी छापला, तरी त्यांना त्यात काही विसंगती दिसली नाही. आजोबा झालेल्या माणसाकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही.

आता कोणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात हे कशाला? पुस्तक चावणाऱ्या त्या बाळाचा फोटो आम्हां सर्वांना जूनमध्येच पाच ग्रुपांवर मिळून पाचदा आला होता. काकांना हे मान्य आहे. “पण व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेलं दप्तरी लागत नाही,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तळघरात पहिल्या पत्रापासूनच्या सगळ्या प्रती वर्षवार फायलींत आहेत. मुलांचं लग्न कुठल्या साली झालं हे मुलांना आठवत नाही तेव्हा तिथून फाइल निघते.

खर्चाचीही त्यांना भीती नाही. अमेरिकन टपाल खात्याने २००७ साली ‘फॉरएव्हर’ तिकीट काढलं: आज घ्या, पुढे दर कितीही वाढो, देशांतर्गत साध्या पत्राला ते कायम चालेल. तेव्हा ते ४१ सेंटला होतं. ही योजना वाचून काका सद्गदित झाले आणि त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. जुलै २०२५ मध्ये साध्या पत्राचा दर ७८ सेंट झाला. काका अजून ४१ सेंटात लिहितात. शेअर बाजारात जे जमलं नाही ते टपालखात्यात जमलं, असं काकू म्हणतात. भारतातल्या पाकिटांना ही तिकिटं पुरत नाहीत, म्हणून ती पाकिटं कोणा ना कोणा पुण्याला निघालेल्या माणसाच्या बॅगेत लाडवांच्या जागी जातात आणि इथे पाच रुपयांच्या तिकिटावर पेटीत पडतात. त्यामुळे नाताळच्या शुभेच्छा आम्हाला संक्रांतीच्या सुमारास मिळतात. कोणाची तक्रार नाही.

यादी एक्सेलमध्ये आहे. शेवटच्या रकान्यात ‘उलट कार्ड आले / नाही आले’ अशी नोंद असते. लागोपाठ दोन वर्षं ‘नाही’ आलं की नाव खाली जातं, आणि तिसऱ्या वर्षी पाकीट बंद होतं. आमच्या ओळखीतल्या एका घराचं असंच बंद झालं. ते लोक आधी या पत्राची नक्कल करून हसत असत. आता जानेवारीत आमच्याकडे फोन येतो: “आलं का हो? काय म्हणतात? थोरला नातू कुठल्या कॉलेजात गेला?” आम्ही छापील तेवढं सांगतो, समास सांगत नाही.

तेव्हा तुमच्याही नात्यात असे काका असतील, आणि असतातच, तर त्यांना एक साधं कार्ड उलट टाका. घर बदललं असेल तर नवा पत्ता पिनकोडसह नोव्हेंबरच्या आत कळवा. आणि काकूंना वेगळी चिठ्ठी लिहा.