मॅन पेज कसे मिळवावे, आणि मिळाल्यावर ते कोणाचे समजावे

प्रथम एक बरासा संगणक घ्यावा. त्यावर विंडोज असेल तर पुढचे वाचायची फारशी गरज नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या तांत्रिक डॉक्युमेंटेशनचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला आहे: मूळ नाव द्यावे, काही बदलले असेल तर तसे सांगावे आणि खुशाल छापावे. ज्या कंपनीच्या नावाने मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी वर्षानुवर्षे बोटे मोडली, तिच्याकडे काम दोन ओळींत उरकते. आपल्याला मात्र मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांकडे जायचे आहे. तिथे जरा वेळ लागतो.

तर लिनक्स घ्यावे, टर्मिनल उघडावा. ‘मॅन’ असे लिहून एक जागा सोडावी, ज्या कमांडची माहिती हवी तिचे नाव लिहावे आणि एंटर दाबावे. पान उमटते. वर नाव, मग वापरण्याची रीत, मग वर्णन, आणि बऱ्याच पानांच्या तळाशी ‘बग्ज’ असा एक स्वतंत्र रकाना. ही मांडणी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि हा दोषांचा रकाना तिच्यातही होता. आपल्या मालातली खोट आपणच छापून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची, ही चाल पुढे इतर धंद्यांत पसरली नाही.

पाने आठ विभागांत लावलेली असतात, आणि नवशिक्या पहिल्यांदा फसतो तो इथे. सी भाषेतल्या ‘प्रिंटएफ’ची माहिती मागावी तर त्याच नावाच्या शेल कमांडचे पान समोर येते, कारण ती पहिल्या विभागात बसली आहे. हवे ते पान तिसऱ्यात असते. म्हणून मधे ३ हा आकडा घालावा. उद्या प्रॅक्टिकल असेल तर एवढे पाठ करावे.

कधी कधी पानच नसते. कंटेनरमध्ये हे हमखास घडते, कारण इमेज लहान राहावी म्हणून मॅन पेजेस आधीच वगळलेली असतात. मिनिमाइझ केलेल्या उबुंटूवर तर स्पष्ट निरोपच मिळतो की, या यंत्रावर माणसे लॉगिन करत नाहीत, म्हणून त्यांना लागणाऱ्या गोष्टी काढून टाकल्या आहेत. आपण माणूस आहोत आणि लॉगिन केलेले आहे, हा मुद्दा तिथे मांडू नये. ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड चालवावी.

आता परवाना. बहुतेकांना वाटते की पान फुकट आले म्हणजे प्रश्न मिटला. लिनक्सच्या मॅन पेजेस प्रोजेक्टमधली पाने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सिस्टिम कॉल आणि लायब्ररीची हजारावर पाने एकाच गठ्ठ्यात येतात, पण परवाना पानागणिक बदलू शकतो. काही जीपीएलखाली, काही बीएसडीखाली, आणि बरीचशी एका जुन्या छोट्या परवान्याखाली, ज्याचा मथितार्थ असा: बदला, वाटा, पण पुढच्याला हीच मुभा द्या. हा शेवटचा परवाना मला सगळ्यांत शहाणा वाटतो. तो लिहिणाऱ्याला घरी लवकर जायचे असावे.

पॉझिक्स या मानकाची पाने निराळी. ती आयईईई आणि द ओपन ग्रुप यांची. त्यांनी ती लिनक्ससाठी छापायला २००४ मध्ये परवानगी दिली. मजकुरात फेरफार चालतो, मात्र तो मानकाशी विसंगत असेल तर विसंगत आहे असे त्याच जागी लिहून ठेवायचे. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर सूचना असते की लिनक्समध्ये प्रत्यक्ष वागणूक वेगळी असू शकते. म्हणजे मशीन काय करते ते या पानावर मिळेलच असे नाही; मशीनने काय करायला हवे होते, ते मात्र नक्की मिळते.

इथवर सगळे ठीक. आता डेबियनवर जीसीसी हा कंपायलर इन्स्टॉल करावा आणि त्याचे मॅन पेज मागावे.

मिळत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मुक्त कंपायलरचे पान, मुक्ततेबद्दल सर्वांत काटेकोर असलेल्या डिस्ट्रिब्यूशनवर, नाही. डोके गरम होऊ न देता पुढचे वाचावे.

जीसीसीचे मॅन्युअल जीएफडीएल, म्हणजे ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो परवाना २००० साली काढला. त्यात लेखकाला काही भाग ‘अपरिवर्तनीय’ ठरवता येतात. जीसीसीत तो मान मुक्त सॉफ्टवेअरला पैसा कसा पुरवावा, या प्रकरणाला मिळाला आहे. मुखपृष्ठावर पाच शब्दांपर्यंत आणि मलपृष्ठावर पंचवीस शब्दांपर्यंत मजकूर सक्तीचा करता येतो, आणि जीसीसीने दोन्ही जागा वापरल्या आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी हे मॅन्युअल छापून मुलांना वाटणार असेल, तर प्रतींची संख्या शंभरच्या आत ठेवावी. एकशे एकावी प्रत निघाली की पुठ्ठे हवेत, पुठ्ठ्यांवर तो मजकूर हवा आणि प्रकाशक म्हणून तुमचे नाव हवे. मजकुरात सुधारणा केली तर पुस्तकाला नवे नाव द्यायचे, आणि मूळच्या प्रमुख लेखकांपैकी निदान पाच जणांची नावे पहिल्या पानावर घ्यायची. आभाराचे प्रकरण असेल तर त्यातल्या आभारांचा आशय तर राखायचाच, सूरही राखायचा. आभाराच्या सुराला कायदेशीर संरक्षण देणारा दुसरा दस्तऐवज मला माहीत नाही.

मराठीत भाषांतर करायचे मनात आले तर? जरूर करावे. मात्र ते पैशाचे प्रकरण मूळ इंग्रजीतच राहील. त्याचे मराठी रूप शेजारी छापता येते. मूळ काढून त्या जागी मराठी ठेवायचे तर हक्कदारांची खास परवानगी लागते.

डेबियनने २००६ मध्ये यावर मतदान घेतले. ज्या मॅन्युअलमध्ये बदलता न येणारे काहीच नाही ते मुक्त. ज्यात तसा एकही तुकडा आहे ते मुक्त नाही, असे ठरले. निर्णय तर्काला धरून होता, आणि माझ्या मते बरोबरच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या करणाऱ्या संस्थेची पुस्तके डेबियनच्या ‘नॉन-फ्री’ विभागात जाऊन पडली. ती संस्थाही कच्ची नाही. डेबियन आपल्या सर्व्हरवर हा नॉन-फ्री विभाग ठेवते, म्हणून फाउंडेशन डेबियनची शिफारस करत नाही. आणि त्या विभागात काय आहे? फाउंडेशनची मॅन्युअल्स. हे वाक्य नवशिक्याने दोनदा वाचावे आणि कोणाची बाजू घ्यायची ते ठरवण्याच्या फंदात पडू नये.

२०२२ मध्ये डेबियनने आणखी एक मतदान घेतले. वाय-फाय वगैरे हार्डवेअरला लागणारे बंद फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर द्यायचे ठरले, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून त्याला वेगळा विभागही मिळाला. आत काय लिहिले आहे ते कोणालाच वाचता येत नाही असे फर्मवेअर त्यामुळे इन्स्टॉल करतानाच आत येते. ज्यातले प्रत्येक अक्षर वाचता येते ते जीसीसीचे मॅन्युअल अजून बाहेर उभे आहे.

त्याला आत घ्यायचे तर रेपोच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे दोन शब्द घालावेत, यादी अपडेट करावी आणि ‘जीसीसी-डॉक’ हे पॅकेज मागवावे. पॉझिक्सची पानेही त्याच नॉन-फ्रीत सापडतील, तीही घेऊन टाकावीत. हे करताना कोणी सहकारी मागून पडद्याकडे पाहत असेल आणि तो डेबियनचा जुना कार्यकर्ता असेल, तर चहाच्या वेळी करावे.

यादीत नॉन-फ्री हा शब्द लिहायला हात धजत नसेल, तर जीसीसी मूळ सोर्समधून स्वतः बांधावा. वेळ पुष्कळ जाईल. पण मॅन पेज बनते, आणि त्याच्यासोबत सातव्या विभागात जीएफडीएलच्या पूर्ण मजकुराचे पानही येते. ते सावकाश वाचावे. त्यात खोडाखोड मात्र करू नये: त्या परवान्याच्या मजकुराची नक्कल कोणीही करावी, वाटावी, पण तो बदलायला कोणालाच परवानगी नाही, असे त्याच पानावर सुरुवातीला लिहिले आहे.