उभा कांदा, आडवा कांदा
मामाच्या हातात कांदा दिसला की मामी आधी न्हाणीघरातले साबण मोजते.

चांदवडला पेठेच्या मागच्या गल्लीत मामाचं सोनोग्राफी सेंटर आहे. बाहेरच्या बाकावर माणसं पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत बसलेली, आणि आतून दर दहा मिनिटांनी मामाची आरोळी : "प्रेशर आलं का?" ज्याला खरंच आलेलं असतं तो उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो, हे मामाला तीस वर्षांत कळलेलं नाही.

मामाचा जीव खरा शिकवण्यात. सुट्टीत आडगावहून, धुळ्याहून, पुण्याहून एमबीबीएसची पोरं गावी आली की मामा त्यांना ओसरीवर धरून आणतो. त्यांच्यात मीही, हक्काची भाची. पण मशीन कुलपात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, 1994 साली तो देशाचा झाला, आणि आता मशीन नोंदलेल्या खोलीत, पोटावर फिरवायचा प्रोब नोंदलेल्या डॉक्टरच्या हातात. कायदा हवाच होता, त्याबद्दल मामाचं दुमत नाही. फक्त त्याची धास्ती मामाने गरजेपेक्षा जास्त घेतली आहे. गरोदर बाईचा एफ फॉर्म भरताना तो नवऱ्याच्या नावातली वेलांटी तीनदा विचारतो. "ऱ्हस्व का दीर्घ? नीट सांगा ताई, मशीनला सील लागेल!"

अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात 2006 पासून पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सोनोग्राफी शिकवतात, हे मामा शेजारच्यांच्या मुलाला लागलेल्या नोकरीबद्दल सांगावं तशा सुरात सांगतो. मग सुस्कारा टाकून साबण काढतो.

प्रोब म्हणजे साबणाची नवी वडी. तिच्या एका टोकाला मामीच्या करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका, तो मार्कर. पेशंट म्हणजे कांदा. साबण कांद्यावर टेकवायचा, त्या पातळीत काय दिसेल ते पाटीवर काढायचं, आणि मग मामा बरोबर तिथेच सुरी घालणार. खरं चित्र समोर. इतकी कडक परीक्षा आमच्या कॉलेजात कुणी घेतली नाही.

"मार्कर कुठे? उभ्या छेदात डोक्याकडे, आडव्या छेदात पेशंटच्या उजवीकडे."

"मामा, कांद्याला डोकं कुठलं?"

"शेंडा डोकं, मुळं पाय."

"आणि उजवं-डावं?"

इथे मामा अडला. बराच वेळ कांद्याकडे बघत राहिला, मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि एक लवंग घेऊन आला. कांद्याच्या कुशीत ती पार आत खुपसून म्हणाला, "हे लिव्हर. आता चुका."

आम्ही चुकलो. मी गोल चकती काढली, निघाल्या एकात एक बसलेल्या वाट्या. धुळ्याच्या पोराने साबण तिरका धरला, कांदा अंड्यासारखा निघाला. मामा उसळला : "महाधमनी अशी तिरकी कापलीस तर आहे त्याहून जाड दिसेल! धडधाकट म्हातारा घाबरून नाशिकला जाईल!" हात चारच तऱ्हांनी हलवायचा : सरकव, झुकव, डोलव, फिरव. "एका वेळी एकच! दोन केलेस तर तू कुठे आहेस ते तुलाही कळणार नाही आणि मलाही." हे मामाचं सगळ्यात खरं वाक्य. पुढे खरा प्रोब हातात आला तेव्हा ते आठवून मी तीनदा हात थांबवला.

मामाची भाषाही आता तीच झाली आहे. राहुड घाटात धुकं लागलं की गाडी हळू करत म्हणतो, "गेन वाढवून उपयोग नाही." गेन म्हणजे मशीनवरच्या चित्राचा उजेड. गॅस हा त्याचा जन्माचा वैरी. आवाज मऊ पेशींतून सेकंदाला 1540 मीटर पळतो आणि हवा लागली की तोंड फिरवून परत येतो. म्हणून वर जेल, म्हणूनच उपाशीपोटी बोलावणं. तरी एखादा मिसळ खाऊन येतोच. "तुमचा स्वादुपिंड आहे," मामा त्याला सांगतो, "असावा असं समजून चालू."

मामी मधूनमधून दारात येऊन विचारते, की डॉक्टर झालेल्या माणसाने कांदे का चिरावेत. मग मामा इयन डोनाल्डला पुढे करतो. ग्लासगोचा हा प्रसूतितज्ज्ञ 1955 साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेला, लोखंडातल्या भेगा आवाजाने शोधायच्या यंत्रावर त्या तपासायला. तुलनेसाठी सोबत मांसाचा तुकडाही नेला होता. "त्याची बायको काही बोलली नाही," हे मामा पदरचं घालतो.

कांद्याचा भाव चढला की एका कांद्यात तिघांना बसवतात. डिसेंबर 2023 मध्ये मात्र निर्यातबंदी आली, भाव पडले, इथेच आग्रा रोडवर रास्ता रोको झाला, आणि मामाच्या वर्गाला पोतंभर पेशंट फुकट मिळाले. देणारा शेतकरी हसत नव्हता, म्हणून त्या दिवशी मामाही जरा गप्पच होता.

वर्ग सुटला की कापलेले पेशंट मामीकडे. ती नाक लावून साबणाच्या वासाचे आधी बाजूला काढते, वरची सालं फेकते आणि उरलेल्यांची भजी टाकते. उभ्या छेदाची भजी, आडव्या छेदाची कोशिंबीर. आम्हाला दिवसभर जमलं नाही ते तिचा हात न बघता करतो.

त्या दिवशी धुळ्याच्या पोराने पहिलंच गरम भजं तोंडात टाकलं आणि त्याचे डोळे भरून आले. लवंग. मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मामा ताट बाजूला सारून पुढे वाकला.

"थांब, गिळू नकोस. उजवीकडे लागली का डावीकडे?"