प्रेशर वॉशर, पेट्रोलचा की विजेचा: यावलच्या घरी पत्र

घरगुती प्रेशर वॉशर दोन प्रकारचा मिळतो: पेट्रोलवर चालणारा आणि विजेवर चालणारा. दोन्हींच्या पोटात पंप असतो. तो नळाचे साधे पाणी घेतो आणि बारीक तोंडातून इतक्या जोरात फेकतो की सिमेंटवर वर्षानुवर्षे बसलेला मळ उठतो. हा दाब पीएसआयमध्ये मोजतात; कारच्या टायरमध्ये हवा असते 32 पीएसआयच्या आसपास. विजेच्या वॉशरचे पाणी 1500 ते 2000 पीएसआयने निघते, पेट्रोलच्या वॉशरचे 2800 ते 3400ने. यावलच्या मंडळींना हा पंप अगदीच परका नाही. केळीवर फवारणीसाठी खळ्यात जो तीन दट्ट्यांचा एचटीपी पंप ठेवला आहे, त्याचाच हा शहरात शिकलेला चुलतभाऊ. एचटीपीचा दाब विजेच्या वॉशरच्या चौथाईच्या आसपास असतो, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी नानाभाऊ त्यानेच ट्रॅक्टर धुतात आणि त्या दिवशी गल्लीतले एकही पोर शाळेत जात नाही, हेही येथे नोंदवणे योग्य होईल.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरात या यंत्राची गरज मायने पाठवलेल्या पार्सलमुळे निर्माण झाली. पार्सल पोचले का, असे फोनवर वारंवार विचारले जाते. पोचले. बिबड्या अखंड पोचल्या, उडदाचे पापड बऱ्यापैकी, कळण्याचे पीठ पिशवीसह. कैरीचे लोणचे मात्र निम्मे घरात पोचले आणि निम्म्याचे तेल खोक्याच्या तळातून घरापुढच्या सिमेंटवर उतरले. बरणीचे झाकण आप्पांनी स्वतः आवळले होते, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही. घरापुढची ही जागा दिसायला ओट्यासारखीच असते. फरक इतकाच की येथे तिच्यावर गाडी बसते, माणसे बसत नाहीत. संध्याकाळी जेवणे उरकून कोणी तिथे येऊन टेकले तर शेजारी काळजीने विचारतात की घराची किल्ली हरवली आहे का.

डाग पडल्यावर सोसायटीचे पत्र आले, डागाच्या रंगीत छायाचित्रासह. छायाचित्र चांगले आले आहे; हळद आणि मोहरी वेगवेगळी ओळखू येते. दिवाळीत त्याच जागी रांगोळी काढायची असल्याने सूनबाईंनाही डाग नकोच होता. अशा रीतीने यंत्राची निवड करणे भाग पडले.

निवड करताना दुकानदार दाबाचा आकडा पुढे करतो, कारण तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण दाब हा अर्धाच हिशेब आहे. दाब मळ सुटा करतो, तो वाहून नेते ते पाणी; म्हणून दर मिनिटाला किती पाणी पडते हेही पाहावे लागते. विजेच्या घरगुती वॉशरमधून मिनिटाला साधारण साडेचार लिटर पाणी निघते, पेट्रोलच्या वॉशरमधून नऊच्या आसपास. दाब आणि पाणी यांचा गुणाकार केला की पेट्रोलचे यंत्र सुमारे साडेतीनपट काम करते असे दिसते. मोठे अंगण त्याने तासाभरात होते, तिथे विजेच्या यंत्राला अख्खी दुपार लागते. साध्या नळीतून मात्र मिनिटाला सहज 20 लिटरच्या वर पाणी जाते, म्हणजे दोन्ही यंत्रे नळीपेक्षा काटकसरीच. हे वाक्य नानाभाऊंसाठी आहे. त्यांनी यंदा बोअर आणखी खोल नेले आणि तरी पाणी लागले नाही, हे कळले. यावल आणि रावेर तालुक्यांत जमिनीतल्या पाण्याचा उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे हे सरकारी नोंदींतही आहे. बोअरवाल्याने ते मशीन उभे करण्याआधी सांगायला हरकत नव्हती.

अमेरिकेत विजेची यंत्रे दुबळी का, याचे कारण भिंतीत आहे. येथील घरातला साधा सॉकेट 120 व्होल्टचा आणि 15 अँपिअरचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॉट. मोटार आणि पंप यांत थोडी शक्ती वाया जाते आणि पाण्याच्या वाट्याला जेमतेम दीड हॉर्सपॉवर येते. मोटार कितीही चांगली घेतली तरी या कुंपणाबाहेर जाता येत नाही. भारतात वीज 230 व्होल्टची आणि मोठा सॉकेट 16 अँपिअरचा, म्हणजे 3600 वॉटच्या वर. विजेच्या बाबतीत यावल फ्रीमाँटच्या दुप्पट पुढे आहे, जेव्हा वीज असते तेव्हा.

पेट्रोलच्या यंत्राचा पहिला दोष आवाज. गेल्या रविवारी मायने घाबरून दोनदा फोन केला, तो याच कारणाने. बोलणे चालू असताना मागे जे ऐकू येत होते ते विमान नव्हते आणि दंगलही नव्हती. शेजाऱ्याने वॉशर सुरू केला होता. दुसरा दोष दोरी. इंजिन दोरी ओढून सुरू करावे लागते, आणि हिवाळाभर पडून राहिलेले इंजिन पहिल्या ओढीत सुरू झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. येथील पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असते. महिन्या-दोन महिन्यांत ते शिळे होते, कार्बोरेटरमध्ये चिकट साय धरते आणि बारीक भोके बुजतात. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, नाहीतर पेट्रोल टिकवणारे औषध घालावे. शिवाय ऑइल बदलणे, प्लग पुसणे, फिल्टर झटकणे आलेच. ज्यांच्याकडे बुलेट आहे त्यांना ही सेवा गोड वाटते.

तिसरा दोष जिवावरचा आहे. पेट्रोलचे इंजिन बंद गॅरेजमध्ये, पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि दार उघडे ठेवल्याने तो निघून जातो ही समजूत चुकीची आहे. लहान इंजिनांच्या या धोक्याबद्दल, प्रेशर वॉशरचे नाव घेऊन, अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने 1996 सालीच इशारा दिला होता. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा करून अशी नवी लहान इंजिने टप्प्याटप्प्याने बाजारातून काढायचे ठरवले. जुनी वापरायला मनाई नाही, त्यामुळे शेजाऱ्याचे यंत्र अजून बरीच वर्षे ऐकू येईल.

विजेच्या यंत्राचे दोष किरकोळ पण रोजचे. वायर नेहमी हवी त्यापेक्षा हातभर कमी पडते. साधी एक्स्टेंशन लावली तर ती तापते आणि मोटारीला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. लावायचीच तर जाड तारेची, आणि जोड पाण्यापासून दूर. प्लगवर गळती होताच वीज तोडणारे बटण असते, ते कधीही काढू नये. स्वस्त यंत्रांत ब्रशवाली मोटार असते, ती किंचाळते आणि लवकर झिजते. थोडे पैसे घालून इंडक्शन मोटारीचे घ्यावे, ते जड असते पण टिकते. याच्या बदल्यात एक मोठे सुख मिळते. बंदुकीचा खटका सोडला की मोटार आपोआप थांबते. पेट्रोलचे इंजिन चालूच राहते, पंपातले पाणी तिथल्या तिथे फिरून तापते, आणि मालक पाच-दहा मिनिटे फोनवर बोलत राहिला तर पंपाची सीलं जातात. या कुटुंबात फोन किती वेळ चालतात हे लक्षात घेता एवढ्या एका मुद्द्यावर निवड संपायला हवी होती.

येथे नियमांचा विषय येतो, आणि तो टाळता येत नाही. अमेरिकेत 1972 चा स्वच्छ पाण्याचा कायदा आहे. रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पावसाचे पाणी इथे कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय ओढ्यातून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जाते, म्हणून साबणाचे किंवा तेलाचे पाणी त्या जाळीत जाऊ द्यायचे नाही. जाळीशेजारी माशाचे चित्रही काढलेले असते. नियम शहाणपणाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरापुढचे सिमेंट रस्त्याकडे उतरते बांधलेले असते, आणि तो उतार पाणी रस्त्यावरच जावे म्हणून दिलेला असतो. तेव्हा सोसायटी म्हणते डाग धुवा, कायदा म्हणतो पाणी जाऊ देऊ नका, आणि उतार कोणाचेच ऐकत नाही. त्यातून 2014 च्या दुष्काळात राज्याने पिण्याच्या पाण्याने असे सिमेंट धुण्यावरच बंदी घातली होती, दिवसाला 500 डॉलरपर्यंत दंड. सध्या ती ओरड नाही, पण नळ सोडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेण्याची सवय लोकांना लागलेली आहे.

उपाय असा की उताराच्या तोंडाशी बांध घालावा आणि पाणी झाडूने हिरवळीकडे लोटावे. बांधासाठी दुकानात वाळूच्या नळ्या मिळतात. फ्रीमाँटला त्या जागी जुनी गोधडी गुंडाळून ठेवण्यात आली. ती मायच्या हातची नव्हे, आक्कांच्या हातची होती. मायची गोधडी पलंगावर आहे आणि थंडी नसतानाही असते. केळीला पाणी देताना दाऱ्यावर फावडे घेऊन उभे राहायची ज्याला सवय आहे, त्याला हे काम शिकवावे लागत नाही. धाकटे चिरंजीव त्या संध्याकाळी अनवाणी उभे राहून पाणी वळवत होते, आणि वॉशर केव्हाच बंद झाला आहे हे त्यांना आतून हाक आल्यावर कळले.

किमतीबद्दल आप्पांनी बसून वाचावे. धुणाऱ्या माणसाने एवढ्याशा जागेचे 280 डॉलर सांगितले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 24 हजार रुपये. साबणाचे वेगळे. या रकमेत यावलला ओटा फोडून नवा बांधून होतो आणि मिस्त्रीला चहाही पाजता येतो. त्याआधी डाग पाहायला येण्याचेही पैसे पडतात असे कळल्यावर त्याला फोटो पाठवण्यात आला होता, सोसायटीनेच काढलेला. विजेचा बरा वॉशर दीडशे ते दोनशे डॉलरमध्ये येतो, पेट्रोलचा चारशेच्या आसपास, आणि पेट्रोलचा एका दिवसासाठी भाड्यानेही मिळतो. वर्षातून एक-दोनदा अंगण, अधूनमधून गाडी आणि खिडक्यांच्या जाळ्या एवढेच काम असेल, तर विजेचा विकत घ्यावा. कधी मोठे काम निघाले तर त्या दिवसापुरता पेट्रोलचा आणावा. पेट्रोलचा विकत घेणे शोभते ते मोठी जागा आणि दर आठवड्याचे काम असणाऱ्याला. फ्रीमाँटच्या घरी विजेचा आला आहे.

वापरताना तोंडाचा रंग पाहावा. लाल तोंडाची धार सरळ सुईसारखी निघते. ती लाकूड कोरते, कातडी फाडून आत शिरते, आणि अशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने इस्पितळात दाखवावी लागते. पिवळे 15 अंशांचे, हिरवे 25 अंशांचे, पांढरे 40 अंशांचे, काळे साबणासाठी. घरात हिरवे आणि पांढरे पुरते. लाल तोंड हाती आल्याबरोबर कुलपात ठेवावे, विशेषतः ज्या घरी संजू येतो त्या घरी. संजूचे लग्न सावद्याला जमले, ही बातमी दोन फोन आणि तीन व्हॉट्सअ‍ॅप यांमधून मिळाली असून तिचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. तथापि तारीख डिसेंबरातली धरावी. मुलीकडच्यांना वरण-बट्टीबरोबर भरीत बामणोदच्या वांग्यांचेच मिळेल असे सांगितले असल्यास ते पाळावे, कारण येथून येणारी माणसे लग्नाला कमी आणि त्यासाठी जास्त येत आहेत.

तेलाचा डाग नुसत्या दाबाने जात नाही, हे खोक्यावर छापलेले नसते. थंड पाणी तेल फक्त पसरवते. आधी वर काहीतरी शोषणारे टाकावे, मग तेल तोडणारा साबण घासून मुरू द्यावा, आणि शेवटी दाबाचे पाणी. शोषण्यासाठी अमेरिकेत मांजराच्या शौचासाठी विकली जाणारी माती वापरतात, पिशवी 10 डॉलरच्या पुढे. मायने फोनवर सांगितलेली चुलीतली राख तेच काम फुकट करते, पण या गावात चूल नाही आणि राखेसाठी काही जाळावे तर अग्निशमन दल येते. डाग आता फिकट झाला आहे. हळद गेली नाही. ती उन्हानेच जाईल.

यावलच्या घरासाठी निवड वेगळी पडते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरलेल्या तासांपुरतीच, तीही पाळीने; पण गावातल्या घरात सिंगल फेज असते, आणि विजेचा वॉशर तिच्यावर चालतो. 1800 ते 2000 वॉटचा, बादलीतून पाणी ओढणारा घ्यावा. बोअरच्या पाण्यात रेती येते, म्हणून तोंडाशी जाळीचा फिल्टर बसवावा. बहुतेक घरगुती वॉशरना 40 अंशांपेक्षा गरम पाणी चालत नाही, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी त्याहून तापलेले असते. तेव्हा सकाळी धुवावे. जुन्या वाड्याच्या धाब्याला आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींना त्याचे तोंड दाखवू नये, भिंत राहणार नाही. ट्रॅक्टर आणि खळ्यासाठी नानाभाऊंचा एचटीपी पुरेसा आहे, त्याला नवीन तोटी घेतली तरी चालेल.

येताना इथूनच एक घेऊन यावा, ही सूचना मान्य करता येत नाही. येथील यंत्र 120 व्होल्टचे. यावलच्या सॉकेटला लावले की एकदाच चालेल. पेट्रोल पडलेले इंजिन विमानात घेत नाहीत. ट्रान्सफॉर्मर लावू, असे संजूचे म्हणणे आहे, पण तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर वजनाने आणि किमतीने वॉशरच्याच बरोबरीचा होतो. भुसावळला किंवा जळगावला चांगले मिळतात. आप्पांनी तिथेच घ्यावा, दुकानात पाणी सोडून चालवून पाहावा, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे मारून घ्यावा.