चोर सोडून सगळे जागे

पुण्यातल्या सोसायटीत रात्री अडीच वाजता भोंगा सुरू झाला, की चोर आला असेल अशी शंका आता कोणालाच येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू नातवाच्या बारशाला न्यू जर्सीला गेलेत आणि घरात पाल आहे, एवढंच सगळ्यांना कळतं. यंत्राचाही दोष नाही म्हणा. समोरच्या उष्णतेत हलता बदल दिसला की बोंब ठोकायची, एवढंच सेन्सरला ठाऊक. पाल थेट भिंगावरूनच चालत गेली, तर ती त्याला दरोडेखोराएवढी वाटते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा 45 डेसिबलची. भोंगा शंभरी सहज गाठतो. गणपतीतल्या स्पीकरविरुद्ध दरवर्षी अर्ज करणारे ते हेच काका, बरं का! सेक्रेटरींनी तिकडे फोन लावला. काका संध्याकाळचा चहा घेत होते. त्यांना कोण आनंद. ‘‘म्हणजे सिस्टीम चालू आहे ना!’’

वॉचमन तेवढा निवांत. भोंगा वाजला की तो वर जात नाही, खुर्ची गेटबाहेर नेऊन बसतो. खऱ्या चोराने यायचं तर याच वेळी यावं. कुलूप तोडल्याचा आवाज कोणाला ऐकू जायचा नाही.