डोंगलवैद्य

सीएच्या ऑफिसात ‘डोंगल दिसत नाहीये!’ अशी आरोळी उठल्यावर जो माणूस आधी स्वतःचा चहा संपवतो, तो डोंगलवैद्य. हुद्द्याने तो अकाउंटंट किंवा आर्टिकल, म्हणजे शिकाऊ उमेदवार, असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल सहीला हाताच्या सहीचा मान दिला. ही सही बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, राहते आणि तिचे दुखणे काढायला माणूस लागतो.

त्याचे सारे भांडार बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात असते. आत चाळीसेक पार्ट्यांचे डोंगल. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर पार्टीचे नाव आणि, सुरक्षेसाठी बारीक अक्षरात, पिन. टॅक्स ऑडिटची मुदत, म्हणजे ३० सप्टेंबर, जवळ आली की त्याला मालकापेक्षा जास्त मान मिळतो.

त्याची तपासणी क्रमाने चालते. प्रथम तो डोंगल हबमधून काढून थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावतो. निम्मे रोगी इथेच बरे होतात आणि त्याचे श्रेय तो फुंकर मारण्याला देतो. दिवाच लागला नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहतो. तिथेही अंधार असेल तर डोंगलच गेले. दिवा लागूनही ओळख पटत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळे उद्गारचिन्ह शोधायचे आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी वाचायचा. ही डोंगलची नाडी. व्हीआयडी ०९६ई आणि पीआयडी ०८०७ दिसले की तो न बघता सांगतो, ‘ईपास २००३’. मग त्या डोंगलच्याच कंपनीचा ड्रायव्हर टाकतो. बऱ्याच डोंगलांच्या पोटातच तो असतो आणि सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो. पण साहेबांनी आधीच भलत्याच कंपनीचा टाकलेला असतो, तो काढण्यात दुपार जाते.

डोंगल दिसते पण जीएसटीच्या साइटवर सही होत नाही, हा वेगळा आजार. तिथे सही करून देणारा एमसाइनर प्रोग्राम चालू आहे का आणि सर्टिफिकेटची मुदत संपली का, एवढेच तो पाहतो. दुसरी शंका बहुधा खरी निघते.

त्याचे खरे कसब मात्र काय दाबायचे नाही, यात आहे. पिन ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होते. घाबरून कोणी ‘इनिशियलाइज’ दाबले, तर टोकन कोरे होते. आतली सहीची किल्ली बाहेर काढता येत नाही, म्हणून तिची नक्कलही कुठे नसते. मग नवे सर्टिफिकेट घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे साहेबांचा हात माउसकडे गेला, की एरवी नम्र असलेला हा माणूस म्हणतो, ‘साहेब, तुम्ही जरा जेवून या.’

माहिती तंत्रज्ञान कायद्याचेच कलम ४२ सांगते, की सहीची किल्ली सहीधारकाने स्वतःच्या ताब्यात राखावी. प्रत्यक्षात ती बिस्किटाच्या डब्यात असते, आणि डब्याला कुलूप नसते.