चाचणीबाई, आमच्यातला जास्तीचा कोण?

सौ. कुटुंब-संतुलन चाचणीबाई,
मु. पो. कॅनबेरा, ऑस्ट्रेलिया



आपली ओळख गेल्या आठवड्यात झाली, दादर पश्चिमेला, एका व्हिसा सल्लागाराच्या केबिनमध्ये. आईला कायमची मेलबर्नला न्यायची म्हणून धाकट्याने तिकडून पैसे भरून वेळ घेतली होती. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. पिशवीत पासपोर्ट, बाबांच्या मृत्यूचा दाखला, गुडघ्यांचे एक्स-रे, सगळं क्रमाने लावलेलं. सल्लागाराने पिशवी उघडूही दिली नाही.

"आजी, मुलं किती?"

"तीन." हा आकडा आई नेहमीच जरा मान वर करून सांगते.

"तिकडे किती?"

"एक."

"मग नाही होणार." आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "तुम्ही किंवा तुमची ताई, दोघांतलं एकच असतं ना, तर झालं असतं."

फी परत मिळत नाही.

तुमचा नियम मी घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचला. निम्मी तरी मुलं कायमची ऑस्ट्रेलियात हवीत. नाहीतर इतर कुठल्याही एका देशात असतील त्याहून जास्त तुमच्याकडे हवीत. आमचा धावफलक असा: ऑस्ट्रेलिया एक, भारत दोन. ताईला उद्या दुबईला धाडली तरी एक-एक-एक, म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी तुम्हाला चालत नाही. सावत्र मुलं तुम्ही धरता. मयत मुलं धरत नाही. ही सवलत मी ताईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग तूच बघ बाबा, मला या महिन्यात दोन लग्नं आहेत."

आईची चूक फार जुनी आहे. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली आमचं सरकार आधी 'दो या तीन बस' म्हणायचं, नंतर 'हम दो, हमारे दो' म्हणू लागलं. आईने पहिलंच ऐकलं. दोनावर थांबली असती तर ऑस्ट्रेलियाला जाणारा जन्मलाच नसता आणि तुम्हाला हा त्रास झाला नसता.

दोन मुलं मायदेशी आहेत, म्हणजे म्हातारीची सोय झालेली आहे, असा तुमचा समज दिसतो. भारत मोठा देश आहे हे खरं. त्यातला आमच्या वाट्याला लालबागमधल्या चाळीचा तिसरा मजला आलाय. दहा बाय सोळाची खोली. मी, बायको, बारावीतला मुलगा आणि आई. लाकडी जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. पावसाळ्यात ओल्या लाद्यांवरून आई भिंत धरून जाते. रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर ती पाणी पीत नाही, आणि डॉक्टर दर खेपेला विचारतात, आजी, पाणी कमी पडतंय का? पुनर्विकासाची सभा गणपतीनंतर होते, दरवर्षी होते. ताई डोंबिवलीला, वन-बीएचकेत, तिथे तिची सासू अंथरुणाला खिळलेली. धाकट्याच्या घरात तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, लागूनच न्हाणीघर. त्या न्हाणीघराचा फोटो आईने मोबाईलवर मोठा करकरून पाहिलाय.

यातलं काहीही तुमच्या फॉर्मात भरायला जागा नाही. डोकी मोजली, संपलं.

दादरहून परत येताना टॅक्सीत आईने हळूच विचारलं, "तुझं नाव लिहायलाच लागतं का रे?" आणि मग लगेच, "नाही, मी आपलं विचारलं." लालबागपर्यंत पुढे एक शब्द नाही. बाई, ७६ वर्षांच्या बाईला स्वतःच्या पोटची मुलं कागदावर मागेपुढे करायला लावलीत तुम्ही! एकाला गाळलं तर दुसऱ्याकडे जाता येईल का, हा विचार तिच्या मनात घातलात. कुठल्या देशाची सुरक्षितता, कुठली अर्थव्यवस्था यावर अवलंबून होती हो?

समजा, ती पास झाली असती. मग पैसे. तुमचा पैसेवाल्यांसाठीचा पालक व्हिसा २००३ पासून आहे: एका माणसामागे ४८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे आमच्याकडचे २५ लाखांहून जास्त. शिवाय हमीचे १०,००० डॉलर दहा वर्षं अडकवून ठेवायचे. हे सगळं करूनही दहा वर्षांहून मोठी रांग. स्वस्तातला व्हिसा घ्यावा तर रांग तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे आईची फाईल उघडणारा अधिकारी आज बालवाडीत डबा खात असेल. येण्याची शक्यताच नाही अशा व्हिसासाठी लोकांकडून अर्ज घेणं क्रूरपणाचं आहे, असं तुमच्याच सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ साली लिहून दिलं. अर्ज अजून घेताय.

हमीवरून आठवलं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आई त्यातलीच. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेने त्यांना कर्ज दिलं. घर नावावर नाही, दागिना नाही, सहीसुद्धा कित्येकींची अंगठ्याची. १९८२ च्या संपानंतर बाबा गिरणीत परत गेलेच नाहीत, तेव्हा या खानावळीवर तीन मुलं वाढली आणि त्यातलं एक इंजिनिअर होऊन तुमच्या देशात कर भरतंय. त्या बाईची हमी दहा हजार डॉलर.

इतर देशांतल्या तुमच्या बहिणी काही फार मायाळू आहेत असं नाही. ब्रिटनमधली २०१२ पासून विचारते, आजींना आंघोळ स्वतःची स्वतः करता येते का? येत असेल तर घरीच बसा. येत नसेल तर मुंबईत पगारी बाई मिळते की, तिचे पैसे मुलाने पाठवावेत. कॅनडातली चिठ्ठ्या काढायची, आणि २०२० साली ज्यांनी नावं दिली त्यांच्याच चिठ्ठ्या कित्येक वर्षं काढत बसली.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. तुमच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०१६ साली हिशेब मांडला होता: असा एक पालक आला की त्याच्या हयातीत सरकारला ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलरचा भुर्दंड. आईचे गुडघे पाहता आकडा फुगवलेला वाटत नाही.

आणि खरं बोलायचं तर ही मोजणी तुम्ही शोधून काढलेली नाही. वीस वर्षांपूर्वी विमानतळावर धाकटा मला म्हणाला होता, "तुम्ही दोघं आहातच ना इथे." ताईच्या सासरी आईचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तुझे दोन भाऊ आहेत की." आमच्या चाळीत दर मजल्यावर, दर दुसऱ्या बिऱ्हाडात ही चाचणी तोंडी चालू असते, कोण किती, कुठे किती, मग म्हातारी कुणाची. तुम्ही निदान कायद्यात लिहून ठेवलंत आणि टेबलावर विचारलंत. सगळा राग तुमच्यावर काढणं बरोबर नाही, पण धाकटा त्या रात्री फोनवर रडला, त्यामुळे त्याच्यावर काढता येईना.

आता तो तुमचा २०१९ सालचा तात्पुरता पालक व्हिसा करतोय. त्यात तुमची गाठ पडत नाही. पाच वर्षांना १०,००० डॉलरच्या वर फी, आरोग्यविमा आपापला, नोकरी करायला बंदी. ही शेवटची अट आईला वाचून दाखवली तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. सगळी मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं, मग परत.

तेव्हा ती ८६ ची असेल. तिला उतरवून घ्यायला कोण येईल याची चिंता नको. तुम्ही मोजलेली दोन्ही मुलं विमानतळावर हजर राहतील, मी ६२ चा, ताई ६४ ची. गुडघे तोवर आमचेही गेलेले असतील. पुनर्विकासाची सभा तोपर्यंत संपलेली नसणारच. तरी तिला तिसऱ्या मजल्यावर उचलून नेण्यासाठी एखादा धडधाकट माणूस आपल्याकडून पाठवता येत असेल तर पाहावं, आणि त्याची फी किती ते आगाऊ कळवावं.

आपला,
तिघांतला मधला
लालबाग, मुंबई